खणाची चुंबळ

नजीरा पिंजारीण वाकळी शिवायची. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतल्या कोल्हापुरात वाकळ शिवणाऱ्या बाया काही कमी नव्हत्या, पण नजीराचा टाका इतका बारीक आणि सरळ की पेठेतल्या बाया जुनेराची गाठोडी घेऊन तिच्याच दारात यायच्या. तिचा नवरा इलाही दिवाळी सरली की कापूस पिंजायचं धनुष्य खांद्याला लावून गडहिंग्लज, आजऱ्याकडं निघून जायचा. एवढं मोठं धनुष्य घेऊन फिरणाऱ्या या माणसाने जन्मभर शिकार केली ती फक्त कापसाची. तो गावी नसला की घर नजीराचं, आठ वर्षांच्या सलमाचं आणि चार वर्षांच्या ख्वाजाचं. ख्वाजाला विचारलं तर एकट्या ख्वाजाचं.

त्या घरात एक नियम होता. लोकांच्या गाठोड्यातली चिंधी लोकांची. वाकळ झाली की उरलेलं सगळं नजीरा पुन्हा बांधून परत द्यायची. मात्र अगदी बारीक तुकड्यांचं करायचं काय, त्यांना तर धड टाकाही बसत नाही. म्हणून तिने दाराजवळच्या भिंतीवर गेरूत हात बुडवून आपला पंजा उठवला होता. तुकडा त्या पंजावर धरायचा. सगळा पंजा झाकला तर तुकडा वाकळीत. बोटं बाहेर राहिली तर तुकडा पोरांच्या टोपलीत. गिऱ्हाईक बायांना हे ठाऊक होतं आणि मान्यही होतं. काही जणी तर मुद्दाम एखादी रंगीत चिंधी जास्तीची टाकायच्या, पोरीला बाहुलीसाठी होईल म्हणून.

तुकडे पंजावर धरून बघायचं काम सलमाचं. त्यात ती भलतीच कडक होती. बोटाचं नुसतं नख बाहेर दिसत असलं तर ती तुकडा वाकळीकडेच टाकायची, आणि ख्वाजा गळा काढायचा. तो रडला म्हणून पंजा काही लहान होत नाही, असं ती त्याला समजावून सांगायची.

एका संध्याकाळी नजीरा म्हणाली, "सले, जरा डोस्कं दाबतीस काय? लई ठणकाय लागलंय."

सलमा दाबायला बसली आणि आईच्या केसांत बोटं घातल्यावर तिला टाळूवर एक रुपयाएवढी जागा मऊ लागली. तिथं केसच नव्हते. पेठेतल्या हौदावरून रोज घागरी आणून आणून ते घासून गेले होते. नजीराच्या डोक्यावर घागरीखाली काय असायचं, तर एक फडका पिळून केलेलं वेटोळं. ते निम्म्या वाटेत सुटायचं आणि घागरीचा काठ सरळ हाडावर बसायचा. लोकांना मऊ मऊ अंथरुणं शिवून देणाऱ्या बाईला स्वतःच्या डोक्यासाठी एक चुंबळ शिवायला सवड मिळाली नव्हती. अशा बायांचा मला राग येतो, आणि त्यांच्याबद्दल माया वाटते ती त्याहून जास्त.

सलमाला राग वगैरे आला नाही. तिने चुंबळ करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून आई पाण्याला गेली की ती कामाला लागायची. इलाहीने कोपऱ्यात ठेवलेला कचरा-कापूस तिने लांबट पट्टीत भरला, पट्टी गोल वळवली, टोकं जोडली. मग टोपलीतल्या चिंध्यांच्या नाड्या फाडून त्यावर गुंडाळत गेली, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरवी. मध्येच सगळं सुटायचं आणि पहिल्यापासून वळावं लागायचं. ख्वाजाला या गुपितात घेणं भागच होतं, कारण तो घरात होता आणि त्याला डोळे होते.

"मी बी करनार," तो म्हणाला.

"तुला काय येतंय?"

ख्वाजाने विचार केला आणि म्हणाला, "बसाय येतंय."

हे खोटं नव्हतं. चुंबळ दबून सपाट व्हायला हवीच होती. तेव्हा रोज काम झालं की सलमा ती जमिनीवर ठेवायची आणि ख्वाजा तिच्यावर चढून गंभीर चेहऱ्याने बसायचा.

त्याच दिवसांत धोंडुबाई आणि तिची सासू अंबूबाई जुनेराचं गाठोडं घेऊन आल्या. गाठोडं मोठं होतं आणि बोलली ती एकटी सासूच. वाकळ केवढी हवी, टाके कसे हवेत, कोणतं लुगडं वर आणि कोणतं आत, सगळं अंबूबाईने सांगितलं. धोंडुबाई मागे उभी होती. निघताना तिने नजीराकडे बघितलं, काही बोलायचं असल्यासारखं, आणि पदर सावरून सासूच्या मागे गेली.

सलमाने ते गाठोडं सोडलं. एका लुगड्याच्या पदराला गाठ होती आणि गाठीत लाल खणाचा तुकडा. उसवलेला, शिवणीची भोकं दिसणारा, मऊ झालेला. तिने तो नेमाने पंजावर धरला. पाचही बोटं बाहेर राहिली. पुन्हा धरला, कारण इतकी चांगली चिंधी टोपलीत येते यावर तिचाच विश्वास बसेना. पंजा काही बदलला नाही. तुकडा पोरांचा झाला.

तो तिने चुंबळीच्या खालच्या अंगाला लावला. वर लावला असता तर सगळ्यांना दिसला असता, पण खण मऊ होता आणि आईची ती केस गेलेली जागा चुंबळीच्या खालीच येणार होती.

चुंबळ दिली त्या दिवशी नजीराने ती उलटीपालटी केली, खणावरून अंगठा फिरवला, डोक्यावर ठेवली. तशीच घरातल्या घरात चार पावलं चालली. मग खाली बसून तिने सलमाला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"मी बसलोतो तिच्यावर," ख्वाजा म्हणाला.

"व्हय रं माझ्या राजा. म्हून तर येवढी गुळगुळीत झालीया."

पुढचे काही दिवस हौदावर दुसरा विषय नव्हता. एरवी नजीरा कमी बोलणारी, पण आता घागर भरून झाली तरी ती जागची हलायची नाही, कुणीतरी चुंबळीकडे बघेपर्यंत. कुणी बघितलंच नाही तर आपणच म्हणायची, "पोरीनं केली बगा. कुनी शिकीवलं न्हाई की काय न्हाई." घरी आली की चुंबळ खुंटीला अडकवायची. सलमा खाली बसून खुंटीकडे बघत राहायची. डोकं दाबायला आता आई बोलवत नव्हती.

अशात एका दुपारी धोंडुबाई एकटीच आली. दारातच उभी राहून तिने गल्लीत मागे बघितलं आणि मग आत येऊन बसली.

"भाबी, त्या दिशी आत्याबाई सोबत व्हत्या. बोलता आलं न्हाई," ती म्हणाली. "गाठोड्यात एका पदराला गाठ हाय. गाठीत खणाचा तुकडा हाय बारका."

"बरं."

"त्यो वाकळीच्या पोटात घालशीला? वर न्हाई, आत. माझा डावा हात यील तितं. कुनाला दिसाय नगं."

नजीराने काही विचारलं नाही, पण धोंडुबाईनेच सांगितलं. गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली त्या साली, सलमा जन्मली त्याच साली, सगळी पेठ माळावर झोपड्या टाकून राहिली होती. तिचं बाळ तिथंच झालं आणि बारशानंतर थोड्याच दिवसांत तिथंच गेलं. ताप नव्हता, काही नव्हतं, झोपडीतल्या गारठ्याने गेलं. त्याचं होतं नव्हतं ते सगळं अंबूबाईने पंचगंगेत सोडलं. गेलेल्या लेकराचं घरात ठेवू नये म्हणाली. बारशाला घातलेल्या टोपड्याचा एवढा एक तुकडा धोंडुबाईने वाचवला होता. ओळखू येऊ नये म्हणून शिवण उसवून ठेवला होता.

"तवा गारटून गेलं ओ त्ये," धोंडुबाई म्हणाली. "आता तरी उबंला ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

"घालते. तुमी काळजी करू नगासा," नजीरा म्हणाली.

सलमा भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं. तिचे डोळे खुंटीकडे गेले आणि तिने ते पटकन खाली आणले.

धोंडुबाई गेल्यावर नजीराने गाठोडं सोडलं. पदराची गाठ सुटलेली होती. तिने एकेक लुगडं झटकलं, टोपली पालथी केली, वाकळीचा निम्मा झालेला भाग उचलून खाली बघितलं.

"सले, लाल खणाचा तुकडा बगिटलास काय गं?"

ख्वाजाने तोंड उघडलं आणि सलमाने हातातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात कोंबला. स्वतःचा गूळ आपण होऊन देणारी बहीण त्याने आजवर बघितली नव्हती, त्यामुळे तो चकितच झाला आणि चघळत बसला.

आता नजीराचं चुकलं ते एवढंच की चुंबळीच्या खालच्या बाजूचा खण तिने रोज डोक्यावर घेतला होता आणि तिच्या लेखी तो धोंडुबाईचा नव्हताच, तो सलमाचा होता. लेकीने दिलेल्या वस्तूत कुणी चोरीचा माल शोधत नाही. तिने सगळं घर शोधलं, खुंटी सोडून.

सलमाने मात्र मनात हिशेब मांडला होता. पंजाने तुकडा तिला दिला होता. तिने काही चोरलं नव्हतं. पण आता बोललं तर चुंबळ उसवावी लागणार, आणि आईचं डोकं पुन्हा त्या फडक्याखाली जाणार. नाही बोललं तर आई खोटी पडणार. आठ वर्षांच्या पोरीला हे ओझं घागरीपेक्षा जड होतं.

बराच वेळ शोधून नजीरा दमून बसली. मग उठून तिने पेटी उघडली आणि तळातून आपली निकाहाची चोळी काढली. खणाचीच, लाल. तिने ती मांडीवर पसरली, बाहीचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. वाकळीच्या पोटात काय आहे ते कोण उसवून बघणार होतं? लाल ते लाल. तिने कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"तिचा हात रोज पडनार त्येच्यावर," ती स्वतःशीच पुटपुटली. "आन् खाली माझी चोळी. या अल्ला."

"अम्मा," सलमा म्हणाली, "चोळी कापू नगंस."

ती उठली, पाटावर चढून तिने खुंटीवरची चुंबळ काढली आणि आईच्या मांडीवर, चोळीच्या वर ठेवली. खालची बाजू वर करून.

नजीराने खणावर अंगठा ठेवला.

"पंजा झाकला न्हाई त्येनं," सलमा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मी दोनदा धरला. खरंच दोनदा धरला, अम्मा."

नजीराने तिला जवळ घेतलं. ती रागावली नाही. रागावणार तरी कुणावर, पंजा तर तिचाच होता. सलमाने डोळे पुसले आणि सुईच्या टोकाने टाका उचलायला लागली. नजीराने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. जिचं हाय तिला इचारायचं. तिनं सांगिटलं तर उसवू."

सकाळी दोघी हौदावर गेल्या. धोंडुबाई घागर भरत होती. नजीराने तिला बाजूला घेतलं आणि काही न लपवता सांगितलं. तुकडा लहान म्हणून टोपलीत गेला, पोरीने माझ्यासाठी चुंबळ केली, आणि इतके दिवस तो माझ्या डोक्यावर होता, घागरीखाली. "तुमी बोला काय बोलायचं ते. ऐकून घेते," ती म्हणाली.

धोंडुबाईने चुंबळ हातात घेतली. खणाचा रंग थोडा उतरून शेजारच्या पांढऱ्या नाडीला लागला होता. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"डोस्क्यावर व्हता?" तिने विचारलं.

"व्हय."

"टोपडंच त्ये. डोस्क्यावरच असायचं," धोंडुबाई म्हणाली. "माझ्याजवळ गाठीतच पडून व्हतं."

मग तिने काय केलं, तर चुंबळ आपल्या डोक्यावर ठेवली, वर घागर चढवली आणि चालायला लागली. नजीरा आपला फडका पिळून मागून निघाली, सलमा तिच्या मागे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी धोंडुबाई थांबली, घागर उतरवली आणि चुंबळ सलमाच्या हातात परत दिली. तिचा चेहरा ओला होता, पण घागर डचमळली म्हणावं तर ती काठोकाठ होती.

"दुपारच्याला यीन," ती म्हणाली. "मीच उसवते. तुजी चुंबळ बिघडू देनार न्हाई."

दुपारी तिने तो खण इतक्या हळू उसवला की एक नाडीही सुटली नाही. वाकळीच्या पोटात तो तिनेच ठेवला, डावा हात लांब करून जागा बघितली, आणि पहिला टाका तिने घातला. पुढचे नजीराने घातले. वरून लुगड्याचा थर बसला आणि लाल रंग दिसेनासा झाला. चुंबळीच्या उघड्या जागेवर धोंडुबाईने आपल्या गाठोड्यातल्या मऊ लुगड्याचा तुकडा लावून दिला, पंजा झाकेल एवढा मोठा. नजीरा नको नको म्हणत होती. पांढऱ्या नाडीवरचा लाल डाग मात्र तसाच राहिला.

त्यानंतर सलमा पुन्हा कोपऱ्यात काहीतरी वळत बसायला लागली आणि ख्वाजा पुन्हा गंभीर चेहऱ्याने बसायला लागला. या वेळी प्रत्येक तुकडा ती आधी पंजावर धरायची आणि मग आईला विचारायची, "ह्यो कुनाचा न्हवं ना?" नजीराला कामात चारचारदा मान वर करावी लागायची, पण ती एकदाही ओरडली नाही.

वाकळ झाली. न्यायला अंबूबाई सुनेला घेऊन आली. म्हातारीने वाकळ पसरायला लावली, टाके निरखले, कोपरे ओढून बघितले आणि शेवटी तिच्यावर बैठक मारली. नेमकी त्या जागेवर बसली. धोंडुबाई खाली बघत राहिली.

"झ्याक झालीया," अंबूबाई म्हणाली. "ऊब हाय."

"मी बी बसलोतो," ख्वाजा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

अंबूबाई उठल्यावर नजीराने वाकळीची घडी घातली. तेवढ्यात सलमा कोपऱ्यातून आली आणि तिने धोंडुबाईपुढे नवी चुंबळ धरली. निळी आणि पिवळी, एका बाजूला जरा फुगलेली.

"ह्ये तुमास्नी."

"आता ग बया," अंबूबाई म्हणाली. "हिला कशापायी? हिचं काय देनं लागतीस तू?"

पोरीच्या तोंडून आता खणाचं निघालं तर सगळंच बाहेर पडणार होतं. नजीराने डोळे मोठे केले, पण सलमाचं लक्ष आईकडे नव्हतं. ती अंबूबाईला नीट समजावून सांगत होती, ख्वाजाला सांगायची तसंच.

"पोरं आईला करत्यात न्हवं? मी अम्माला केली. ह्येंचं बाळ असतं तर माझ्यायेवढं असतं. त्येला आता कराय येत न्हाई. म्हून मी केली."

धोंडुबाईने तोंडात पदराचा बोळा धरला. ज्या घरात त्या बाळाचं नावही निघत नव्हतं, त्या घरातल्या दोघींसमोर ही पोर त्याचं वय सांगत होती.

अंबूबाईने सलमाच्या हातातून चुंबळ घेतली. तिची बोटं जाड आणि राठ होती, पण तिने ती फुगलेली बाजू दाबून दाबून सारखी केली. मग सुनेकडे वळली, तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि चुंबळ तिच्या टाळूवर ठेवली. सरळ बसली की नाही ते मागे सरून बघितलं.

"माळावरची थंडी बाधली गं त्येला," म्हातारी हळू म्हणाली. "मी माझं लुगडं बी पांगरायला घातलंतं. पुरलं न्हाई."

धोंडुबाईने मान वर केली. इतक्या वर्षांत सासूच्या तोंडून हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

अंबूबाईने वाकळीची घडी उचलली. जड होती, पण तिने नजीराला हात लावू दिला नाही. आपणच ती सुनेच्या डोक्यावर, चुंबळीवर चढवली आणि दोन्ही हातांनी धरून सारखी केली.

"चल. दमानं चाल," ती म्हणाली. "मी मागनं धरती."